दाराला लावलेली पुस्तकं

खोक्याची सुतळी कापून मी पहिलं पुस्तक बाहेर काढलं, सवयीनं त्याचा वास घेतला आणि मान वर केली, तर वाचनालयाच्या दारात विमलआक्का उभ्या होत्या.

विमलआक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. एकाच अंगणात दोन दारं झाली होती. त्या नळावर असल्या की मी हंडा घेऊन आतच थांबायची, मी तुळशीपाशी असले की त्या दार लोटून घ्यायच्या. वाचनालयात तर त्यांनी तोवर कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

"या ना आक्का," मी म्हणाले.

"बसायला नाही आले." त्या आत आल्या, पण चपला पायातच ठेवून. "एकच सांगायचंय. आमच्या तनूला इथं येऊ द्यायचं नाही. पुस्तक द्यायचं नाही, खाऊ द्यायचा नाही, जवळ बसवून घ्यायचं नाही. कळलं?"

"आक्का, ती काय माझ्यासाठी येते होय? पुस्तकांसाठी येते."

"कशासाठी येते ते मला चांगलं ठाऊक आहे."

सकाळीच तनू शाळेत जाता जाता परसातल्या तारेपाशी थांबून मला सांगून गेली होती, काकी, शाळा सुटली की मी पण येणार, आईला सांगू नको. आमच्या वाचनालयात वर्षाची नवी पुस्तकं डिसेंबर संपता संपता यायची. अनुदान हातात पडायचं दिवाळीनंतर, मग यादी, मग पुण्याला मागणी, आणि एष्टीच्या टपावरून खोकी उतरायची ती नाताळच्या सुट्टीच्या सुमारास. मी शाळेत निरोप दिला होता, आज सुटल्यावर सगळ्या मुलांनी नवी पुस्तकं बघायला यावं. खोकी फोडायची, कथा-कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं, प्रवास, शेती, आरोग्य अशी माहितीची दुसरीकडे, आणि शाळा सुटायच्या आत मांडामांड संपवायची, असा माझा बेत होता.

वाचनालय म्हणजे सोसायटीचं जुनं खतांचं गोदाम. लांबच लांब एक खोली. पुढच्या बाजूला वर्तमानपत्रांचं मोठं टेबल आणि बाकं, मधे कपाटांच्या रांगा आणि अगदी मागं, भिंत घालून काढलेली एक चिंचोळी खोली. तिथं फाटकी पुस्तकं, जुने दिवाळी अंक पडलेले असत. खोकी मी त्या खोलीतच उतरवून घेतली होती. आम्ही दोघी तिच्या उंबऱ्याशी उभ्या होतो.

"ऐकतेस ना, मी काय म्हणते?" आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या उसातून आरडाओरडा ऐकू आला. तिथं तोड चालली होती. तोडीवाल्यांचा ट्रॅक्टर सकाळपासून मोठ्यानं गाणी वाजवत उभा होता, त्यामुळे शब्द काही कळेनात. कोणीतरी डबे बडवत होतं.

"काय झालं गं?" आक्कांनी मागं वळून बघितलं.

मी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहत होते. दारातून उन्हाचा पट्टा टेबलापर्यंत आलेला होता. त्या उन्हात काहीतरी पिवळं, लांब, जमिनीला घासल्यासारखं आत आलं. आवाज असा झालाच नाही. आधी मला ते कुत्रं वाटलं. मग त्याची शेपटी आत येत राहिली, येत राहिली.

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. रात्री वस्तीवरची शेळी नेली, कुत्रं नेलं, हे आम्ही रोज ऐकायचो. पण तो दिवसाढवळ्या, वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली, ही गोष्ट डोळ्यांना दिसत असून डोक्यात शिरत नव्हती.

मी आक्कांच्या दंडाला धरून त्यांना मागच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं. "काय गं, सोड," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझा हात झटकला, पण माझं तोंड बघून त्या थांबल्या.

"वाघ," मी म्हणाले. आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले.

दाराच्या फळ्यांमधे फट होती. आक्का वाकल्या, फटीला डोळा लावला आणि तशाच राहिल्या. मग हळूच खाली बसल्या. त्यांच्या पायातली एक चप्पल निसटून बाहेरच राहिली होती.

दाराला कडी नव्हती. ती कधीच मोडली होती, आणि जुन्या अंकांना कोण चोरणार म्हणून मी बसवून घेतली नव्हती. दार आतल्या बाजूला उघडायचं. मी पुस्तकांचं खोकं धरलं. ते ओढलं तर फरशीवर खरखरेल म्हणून आक्का पुढं झाल्या, आणि आम्ही दोघींनी, जन्मात पहिल्यांदा एकमेकींना खूण करत, एकेक खोकं उचलून दाराला लावलं. खाली दोन जड, त्यावर बाकीची. सगळ्यांत वर मी फोडलेलं, अर्धं उघडं.

मग आम्ही भिंतीला टेकून बसलो.

"गेला का बघ," आक्का पुटपुटल्या.

खोक्यांच्या वरून वाकून मी फटीतून पाहिलं. तो टेबलाखालीच होता. पुढचे पाय पसरून, तोंड रस्त्याकडे करून. त्याची कूस भात्यासारखी वरखाली होत होती. बाहेरच्या गलक्यातून तो पळत आला असावा. डबे बडवणारे लोक आता लांब, ओढ्याच्या अंगाला गेल्यासारखे वाटत होते. तो इथं शिरला हे कोणीच पाहिलं नव्हतं.

"आहे."

"ओरडू या का?"

खोलीला मागच्या बाजूला एक खिडकी होती, उंचावर, आडव्या गजांची. तिच्या मागं पडीक रान आणि त्यातून जाणारी पायवाट. तिथं चिटपाखरू नव्हतं. ट्रॅक्टरवर ढोलकी वाजत होती. ओरडून माणसाला ऐकू गेलं नसतं, त्याला मात्र नक्की गेलं असतं.

"थांबू या. जाईल आपला आपण," मी म्हणाले.

गाव लहान, त्या काळी मोबाइल एखाद्याकडेच. आम्ही दोघी कुठे आहोत हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. आक्का पदर तोंडात धरून बसल्या होत्या. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता, डिसेंबरच्या गारठ्यात. बऱ्याच वेळानं त्यांनी पदर काढला आणि दाराकडे बघतच विचारलं,

"कुंदा, एक विचारू? आता मरायचीच वेळ आली तर खरं सांगशील?"

"असं काय बोलता?"

"माझी पोरगी का मागितलीस तू?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय मागितलं?"

"तनूला. दत्तक." त्या कुजबुजत होत्या, पण प्रत्येक शब्द दातांखालून काढल्यासारखा येत होता. "तुला ती आवडते, ते ठाऊक होतं मला. तुझ्यापाशी निजायची, तुझ्या हातून जेवायची, मी कधी आडवी आले? पण मागायची? तुम्हाला दोन पोरगे आहेत, पोरगी आम्हाला द्या, असं? भाजी मागावी तसं?"

"आक्का, मी नाही मागितली. तनूची शपथ."

"तिची शपथ घालू नको."

"मग माझी. मी कोणाकडे काही बोलले नाही. कोण म्हणालं तुम्हाला?"

आक्कांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "भावजींनीच आमच्या ह्यांच्याकडं बोलणं काढलं. वाटणीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी. म्हणाले, कुंदा रडून रडून अर्धी झाली आहे. तिला मूल होणार नाही असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तिनंच मला पाठवलंय."

भावजी म्हणजे विलास, माझा नवरा.

मी काहीतरी बोलणार होते. काय ते आता आठवत नाही, कारण त्याच वेळी शाळेची घंटा झाली. सुटल्याची, सलग लांब घंटा. आणि मला मुलं आठवली.

आक्कांच्या ते लगेच ध्यानात आलं नाही. मीच सांगितलं. "आक्का, मी पोरांना बोलावलंय. नवी पुस्तकं बघायला. आता इकडंच येतील सगळी."

"कुठनं येतील?"

"पडीक रानातनं. मग कोपऱ्यावरनं वळून पुढच्या दारानं आत."

"तनू नाही येणार. तिला मी सांगितलंय, सरळ घरी."

मी बोलले नाही. आक्कांना तेवढं पुरलं. त्या उठल्या आणि दोन्ही हातांनी खोकं बाजूला करायला लागल्या. मी त्यांना मागून कवळा घातला. त्या माझ्यापेक्षा थोराड, ताकदीच्या. माझ्यासकट त्या दारापर्यंत गेल्या.

"सोड मला."

"आक्का, ऐका. तुम्ही बाहेर गेलात तर तो तुमच्यावर येईल नाहीतर दारातनं सुटेल. सुटला तर पोरं समोरच आहेत."

"मग खिडकीतनं ओरडते."

"ओरडलात तरी तेच. इथं मागं आवाज झाला की तो पुढं पळणार. पोरं कोपऱ्यावरनं वळायच्या आत इकडं खिडकीपाशी आली पाहिजेत, सगळी, आणि आवाज न करता."

हे मी बोलले खरी, पण ते कसं करायचं ते मला माहीत नव्हतं. पायवाटेवरून हसण्याखिदळण्याचे आवाज येऊ लागले होते. दूर होते, पण येत होते. मी आक्कांना सोडलं आणि माझा हात वरच्या उघड्या खोक्यावर पडला. कोरी करकरीत पुस्तकं. शिक्का नाही, नंबर नाही. वर एक कादंबरी होती, लाल मुखपृष्ठाची.

"चढा," मी आक्कांना म्हणाले.

"कशावर?"

जुन्या अंकांचा गठ्ठा मी खिडकीखाली सरकवला. आक्का त्यावर चढल्या. मी त्यांच्या हातात ते लाल पुस्तक दिलं. "गजातनं आडवं बाहेर टाका. वाटेवर पडेल असं."

त्यांनी एकदा पुस्तकाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि टाकलं. मातीत पडल्याचा आवाज मऊ आला, गाण्यात विरून गेला. मी दुसरं दिलं. तिसरं. द्राक्षबागेवरचं एक, कुणाच्या तरी हिमालयातल्या प्रवासाचं एक. पातळ कवितासंग्रह हवेत उघडून पाखरासारखे फडफडत गेले. हातात येईल ते मी देत होते आणि एक कान दाराकडे लावून होते. वरचं खोकं रिकामं झालं. मी ते उचलून बाजूला ठेवलं आणि खालचं फोडलं. दाराला लावलेली भिंत मीच पोखरत होते हे मला कळत होतं. पण दुसरं टाकायला होतं काय?

"दिसली," आक्का म्हणाल्या. "पोरं दिसली. थांबली आहेत. बघताहेत इकडं."

"बोटानं खूण करा. गप्प या म्हणावं."

बाहेर एक पोरगं म्हणालं, "अरे, वाचनालयातनं पुस्तकं पडताहेत." मग पळत आल्याचे पाय वाजले. हसणं. "मला ते लाल." "मी आधी बघितलं." आक्का ओठांवर बोट ठेवून, गजातून हात हलवून त्यांना जवळ बोलावत होत्या. मी दाराच्या फटीशी गेले.

टेबलाखालचं डोकं वळलं होतं. कान उभे. तो आता आमच्या दाराकडे बघत होता.

मी पाठ खोक्यांना लावली आणि पाय समोरच्या भिंतीला रोवले. तिथून मला फक्त आक्का दिसत होत्या, गठ्ठ्यावर उभ्या, पदर खांद्यावरून घसरलेला.

"सगळी आली का?" मी विचारलं.

"आली. तनू आहे." आणि मग त्यांचं अंग ताठ झालं. "तनू. थांब. तनू."

काय झालं ते मला नंतर कळलं. तनूनं खिडकीत आईला पाहिलं. ती घाबरली. आईनं नको म्हटलेल्या ठिकाणी ती आली होती आणि आई तिथंच उभी. तिच्या दहा वर्षांच्या डोक्यात एकच आलं, काकीकडे पळायचं. काकी आत असणार. ती कोपऱ्याकडे, पुढच्या दाराकडे पळत सुटली.

आक्कांनी तोंड उघडलं. त्यांच्या गळ्यातली शीर मला दिसत होती. मला वाटलं, आता ह्या किंचाळणार. त्या क्षणी मी एवढी भ्यायले होते की मी डोळे मिटून घेतले.

पण आक्का किंचाळल्या नाहीत.

"तनू बाळा," त्या म्हणाल्या. घरात जेवायला वाढल्यावर हाक मारावी तशा आवाजात. "अगं, मी रागावले नाही. इकडं ये."

बाहेर काहीच ऐकू येईना.

आक्कांनी मागं न बघता माझ्याकडे हात केला. मी खोक्यातून एक पुस्तक ओढून त्यांच्या हातात ठेवलं. कसलं होतं, कोणाचं होतं, मी बघितलं नाही. त्यांनी ते गजाबाहेर धरलं.

"हे बघ. हे तुझ्यासाठी काढून ठेवलंय मी. मोठं आहे. चित्रं पण आहेत. ये, घेऊन जा."

त्यांचा आवाज हसरा होता. त्यांची पोटरी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती लटलट कापत होती.

"खरंच?" लांबून तनूचा आवाज आला.

"खरंच. तुझी काकी पण इथंच आहे माझ्यापाशी. ये."

पावलं परत आली. सावकाश, मग भरभर. आक्कांच्या हातातलं पुस्तक बाहेरून कोणीतरी ओढून घेतलं आणि आक्कांनी त्याच हातानं पोरीचं मनगट गजातून धरलं. "आता नीट ऐक. हळू बोलते. आत वाघ शिरलाय. ह्या सगळ्यांना घेऊन जशी आलात तशीच शाळेत परत जा. पुढच्या दाराकडं कोणी जायचं नाही. गुरुजींना सांग, वर्गाची दारं लावा आणि माणसं बोलवा. पळायचं नाही, ओरडायचं नाही. जा."

"आई, तू?"

"मी इथं कडी लावून बसलेय. मला काय होतंय? जा."

त्या पोरीनं आईचं ऐकलं. ती गेली. बाकीचीही निघाली, पण त्यात एक लहान होता, पहिलीतला, तो वाघ शब्द ऐकल्याबरोबर भोकाड पसरून रडायला लागला.

माझ्या पाठीला धक्का बसला.

तो आवाज मला सांगता येणार नाही. गुरगुरणं म्हणतात, पण ते लांबून ऐकणाऱ्यांनी दिलेलं नाव आहे. मला तो आवाज ऐकू आला नाही, तो खोक्यांतून माझ्या बरगड्यांत आला. दार हातभर आत आलं. वरचं खोकं माझ्या डोक्यावरून पुढं कोसळलं. मी पायांनी भिंत रेटली आणि दार परत लोटलं. पुन्हा धक्का. फटीतून उग्र वास आला, आणि माझ्या डाव्या खांद्यावर कोणीतरी तापलेली सळई ओढल्यासारखं झालं. मी बघितलं तर पंजा आत होता. माझ्या पोलक्याची बाही त्याच्या नखांना लोंबत होती.

"आक्का," मी म्हणाले.

आक्कांनी गठ्ठ्यावरून उडीच मारली. त्या माझ्या शेजारी पाठ लावून बसल्या, पाय रोवले आणि दोघींनी मिळून रेटलं. पंजा गेला. दार बसलं. मग आणखी एक धडक आणि मग कपाट कोसळल्याचा प्रचंड आवाज. त्यानंतर शांतता. गाणी कोणीतरी बंद केली होती.

"लागलं?" आक्कांनी विचारलं.

"थोडं."

त्यांनी माझ्या खांद्याकडे बघितलं आणि लुगड्याचा पदर टराटरा फाडून तिथं दाबून धरला. दार सोडून त्यांना हलता येत नव्हतं, मलाही. आम्ही तशाच बसलो, खांद्याला खांदा लावून. भोवती पुस्तकं पसरली होती. काहींवर माझं रक्त पडलं होतं. आक्का एका हातानं माझं डोकं आपल्या मानेशी धरून बसल्या. त्यांचं काळीज इतकं जोरात उडत होतं की मला कोणाचं कोणतं तेच कळेना.

पुढचं लवकर आटपलं. शिंदेगुरुजी आणि तोडीवाल्यांनी बाहेरून पुढचं दार ओढून दोरखंडानं बांधलं. मागच्या खिडकीचे गज पहारीनं वाकवून आम्हाला बाहेर काढलं. आधी आक्कांनी मला ढकललं, मग त्या आल्या. वनखात्याची गाडी यायला संध्याकाळ झाली. त्यांनी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून त्याला पिंजऱ्यात घातलं. त्यातला एकजण नंतर मला म्हणाला की तो तुमच्यावर आला नव्हता, खिडकीचा उजेड फटीतून दिसला, त्याला वाटलं बाहेर जायची वाट आहे. असेल. मादी होती, हेही त्यांनीच सांगितलं.

मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. आक्का जीपमधे माझ्याबरोबर बसल्या त्या तिथंच राहिल्या. तनू हट्टानं मागून आली होती. ती माझ्या पायथ्याशी पुस्तक छातीशी धरून झोपून गेली.

विलास आला तेव्हा दिवेलागण झाली होती. तो दारातूनच घाईनं आला, माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. मी त्याला विचारलं,

"कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं?"

"काय?"

"मला मूल होणार नाही असं. कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं तुम्हाला?"

तो आक्कांकडे बघायला लागला. आक्का सलाइनच्या बाटलीकडे बघत होत्या.

पुण्याच्या डॉक्टरबाईंकडे मी दोनदा गेले होते, माझ्या भावाबरोबर. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळे कागद बघून सांगितलं होतं, तुमच्यात काही दोष नाही, आता मिस्टरांना घेऊन या. मी घरी येऊन विलासला तेच सांगितलं होतं. तो म्हणाला, बघू, ऊस जाऊ दे. ऊस गेला, पुढचाही गेला. मी परत विषय काढला की तो उठून बाहेर जायचा, आणि मी विषय काढायचं सोडून दिलं. गावात बायका माझ्याकडे दयेनं बघतात, बारशाला मला शेवटी बोलावतात, तो तोवर मला माझाच भास वाटायचा.

"आता हा विषय काढायची वेळ आहे का?" विलास हळू आवाजात म्हणाला. "तू बरी हो आधी. मी जे केलं ते तुझ्यासाठीच केलं ना?"

हाच आवाज होता. इतकी वर्षं तो ऐकला की मी गप्प बसायची. त्या दिवशीही मी भ्यायले. दुपारी दाराशी बसले होते तेव्हा जेवढी भीती वाटली होती त्याहून ही निराळी होती, आणि खरं सांगते, कमी नव्हती. दार सोडलं तर काय होईल ते तिथं मला दिसत तरी होतं.

"मी तुम्हाला पाठवलं होतं का?" मी विचारलं. "तनूला मागायला?"

त्यानं माझा हात सोडला.

आक्का उठल्या. त्यांनी तनूच्या अंगावरची शाल सारखी केली आणि वळून विलासपुढं उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी आपल्या दिरापुढं आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"भावजी, तुम्ही घरी जा. मी आहे हिच्यापाशी. पोरगीपण इथंच राहील."

तो गेला.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. माझा डावा हात अजून खांद्याच्या वर पूर्ण जात नाही, वरच्या फळीवरचं पुस्तक मी दुसऱ्याला काढायला सांगते. पायवाटेवरची पुस्तकं शाळेतल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी एकूणएक आणून दिली. ज्या पुस्तकांना रक्त लागलं होतं त्यांना मी खाकी कागदाची कव्हरं घातली.

दवाखान्यातून मला सोडलं तेव्हा नवं वर्ष लागलेलं होतं. जीपमधून आम्ही अंगणात उतरलो. विलास आमच्या दारात उभा होता. त्यानं दाढी केली होती, अंगणात सडा टाकून घेतला होता, चूलही पेटवलेली असावी, कारण धूर येत होता. आक्का माझी पिशवी घेऊन पुढं गेल्या, आपल्या दाराशी थांबल्या, पण मला चल म्हणाल्या नाहीत. मला वाटतं त्यांना ते म्हणायचं नव्हतं. मी कुठं जायचं ते मलाच ठरवू द्यायचं होतं.

मी अंगणाच्या मधे थांबले. दोन्ही घरांतली माणसं बघत होती, शेजारचीही.

"कुंदा, चल," विलास म्हणाला. "गरम पाणी काढलंय."

"पुण्याच्या बाईंचा पत्ता तुमच्याकडं आहे," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि तो आवाज माझाच आहे हे ऐकून मीच दचकले. "त्यांनी तुम्हाला बोलावलंय. तुम्ही जाऊन या. मग मी येते."

त्याला जायला उन्हाळा उजाडावा लागला. तोवर मी आक्कांच्या घरात, तनूच्या शेजारी झोपत होते.